अडगळींतील स्टीरिओ संच व त्याची दुरुस्ती

आमच्या प्रार्थनामंदिरामागें एक अडगळीची खोली आहे. मोडकीं बांकें, नाताळच्या नाटकांतील मेंढपाळांच्या काठ्या, फाटक्या सतरंज्या आणि वाळवीनें अर्धवट खाल्लेल्या पेट्या यांचें तें माहेरघर. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन ती खोली रिकामी करण्याचें काम मीं अंगावर घेतलें. तेव्हां सर्वांत मागें, भिंतीकडे तोंड करून उभें केलेलें, चार पायांचें एक लांबट लांकडी कपाट निघालें. वरचें झांकण उचलून पाहतों तों आंत तबकड्या वाजविण्याचें यंत्र, दोन्ही टोंकांस कापडामागें स्पीकर आणि पाठीमागें धुळीनें माखलेली व्हॉल्व्हची रांग! अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस १८१३ सालीं उतरले. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील मिशनच्या बंगल्यांत अमेरिकेहून आलेल्या नाना वस्तु मागें राहिल्या आहेत. हा स्टीरिओ संचही असाच एक मिशनरी कुटुंब मायदेशीं परततांना ठेवून गेलें होतें.

भंगारवाला दारांत उभाच होता. आंतील तांब्याच्या तारेचा अंदाज घेऊन त्यानें चारशें रुपये किंमत सांगितली, आणि मुलें ओझें उचलण्यास सरसावलीं. मीं त्यांस थांबविलें. थांबविण्याचें कारण थोडें लाजिरवाणें आहे व तें पुढें येईलच. आज तो संच वाजतो. तो कसा वाजूं लागला हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचा हा प्रयत्न आहे. कारण पुष्कळ घरांत आजोबांच्या हौसेचा एखादा असा संच माळ्यावर पडून असतो, आणि एके दिवशीं तो रद्दीबरोबर निघून जातो.

प्रथम ‘स्टीरिओ’ म्हणजे काय तें पाहूं. वर्गांत डोळे मिटून बसा व मित्रास कोठेंतरी टिचकी वाजवावयास सांगा. ती डावीकडे वाजली कीं उजवीकडे, हें तुम्ही न पाहतां सांगाल. आपले दोन कान एकमेकांपासून वीतभर अंतरावर आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानास आधीं व किंचित् मोठा, उजव्या कानास नंतर व किंचित् लहान असा ऐकूं येतो. हा वेळेचा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरी मेंदूस तो पुरतो. एकच स्पीकर असलेल्या यंत्रांत ही सोय नाहीं. तेथें पन्नास माणसांचा गायकवर्ग जणूं एकाच खिडकींतून गातो.

ही उणीव इंग्लंडांतील ॲलन ब्लुमलाईन नांवाच्या एका तरुण इंजिनियराच्या मनांत सलूं लागली. तो आपल्या भावी पत्नीसह चित्रपट पाहण्यास गेला असतां, नट पडद्याच्या एका टोंकास आणि त्याचा आवाज दुसरीकडूनच, हें पाहून त्यास ही कल्पना सुचली असें सांगतात. डिसेंबर १९३१ मध्यें त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, आणि दोन ध्वनि एकाच वेळीं कसे टिपावे, कसे कोरावे व कसे ऐकवावे हें सर्व त्यांत मांडून ठेविलें. पुढें महायुद्धांत रडारच्या कामीं तो गुंतला. ७ जून १९४२ रोजीं त्या यंत्राच्या चांचणीसाठीं निघालेलें विमान कोसळून तो मरण पावला. वय अवघें ३८. नांवावर १२८ पेटंटें. स्टीरिओ तबकड्या बाजारांत सर्रास मिळूं लागल्या त्या १९५८ सालीं. ज्यानें त्यांची वाट दाखविली त्यास त्या दुकानांत पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं.

एकाच खांचेंत दोन ध्वनि बसविण्याची त्याची युक्ति मोठी सुंदर आहे. जुन्या तबकडीवरील खांच डावीउजवीकडे नागमोडी जाते व तिच्यामुळें सुई हलते. स्टीरिओ तबकडींतील खांचेच्या दोन भिंती उतरत्या असून त्या एकमेकींशीं काटकोन करतात. म्हणजे प्रत्येक भिंत तबकडीच्या पृष्ठाशीं ४५ अंशांनीं कललेली असते. मध्याकडील भिंतीवर डावा ध्वनि कोरलेला, कडेकडील भिंतीवर उजवा. सुई एकच, ती दोहोंच्या मधून सरकत जाते, आणि तिच्या पाठीमागें बसविलेले दोन सूक्ष्म तुकडे आपापल्या भिंतीचें हलणें तेवढें उचलून त्याची वीज करतात. भूमितीचा तास ज्यांस कंटाळवाणा वाटतो त्यांनीं हा काटकोन ध्यानांत ठेवावा. मात्र यामुळें सुईस आडव्या हलण्याबरोबर वरखालींही हलावें लागतें. जुन्या एकेरी यंत्रांतील ताठ सुईस तें जमत नाहीं. तिच्याखालीं स्टीरिओ तबकडी घातली तर ती खांच खरवडून काढते, आणि खरवडलेली खांच पुन्हां भरून येत नाहीं. ज्यांच्या घरीं दोन्ही प्रकारचीं यंत्रें आहेत त्यांनीं एवढें तरी जपावें.

आतां माझ्या लाजिरवाण्या गोष्टीकडे वळतों. आठ वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं आपला व्हॉल्व्हचा संच मला दाखविला. त्यांच्या पत्नीनें तो हौसेनें घेतला होता. ती वारल्यापासून त्यास कोणी हात लाविला नव्हता. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों, तेव्हां मास्तरांस यांतलें कळत असणारच, असा त्यांचा साधा विश्वास. मलाही तसेंच वाटत होतें. मीं मागचें झांकणसुद्धां न काढतां प्लग लावला आणि खटका दाबला. कांहीं क्षण शांत गेले. मग घूं घूं असा जड आवाज निघाला, मग तापलेल्या मेणाचा वास आला, आणि मीं प्लग ओढीपर्यंत कपाटाच्या जाळींतून धूर बाहेर पडत होता. ट्रान्सफॉर्मर जळाला. ते गृहस्थ मला कांहींएक बोलले नाहींत. ‘‘राहूं द्या, मास्तर, जुनेंच होतें,’’ इतकेंच म्हणून त्यांनीं संचावर पुन्हां चादर घातली. वर्गांत विजेचा धडा शिकवितांना ती चादर कितीतरी वेळां माझ्या डोळ्यांपुढें आली आहे.

झालें काय, तें ऐका. व्हॉल्व्हच्या संचांत विजेचा दाब सुमारें ३०० व्होल्टपर्यंत नेलेला असतो, आणि ती वीज सपाट करण्यासाठीं मोठे कंडेन्सर बसविलेले असतात. अशा कंडेन्सरांत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्यें रसायनानें भिजविलेला कागद गुंडाळलेला असतो. त्यांपैकीं एका पत्र्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो, व विजेस अडवून धरणारा तो थरच होय. संच नेहमीं वापरांत असला म्हणजे विजेच्या दाबानेंच हा थर टिकून राहतो. वर्षानुवर्षें पडून राहिला कीं थर विरत जातो, रसायन सुकतें, आणि मग एकाएकीं पूर्ण दाब पडतांच कंडेन्सर अडविण्याऐवजीं वाट मोकळी करून देतो. सगळा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून धांवूं लागतो, तारेवरील लेप वितळतो आणि खेळ संपतो. अशा वेळीं फ्यूजनें प्राण द्यावयाचा असतो. त्या संचांत मात्र फ्यूजच्या जागीं कोणी शहाण्यानें जाड तार गुंडाळून ठेविली होती. झांकण काढलें असतें तर ती मला पहिल्याच नजरेंत दिसली असती.

म्हणून अडगळींतील संच वर्गांत आणल्यावर मीं मुलांस पहिला नियम घातला कीं महिनाभर प्लग लावावयाचा नाहीं. त्यांचे चेहरे उतरले. पहिला दिवस केवळ पाहण्यांत व हुंगण्यांत गेला. जळका वास कोठें येतो काय, ट्रान्सफॉर्मरमधून मेण ओघळलें आहे काय, कंडेन्सरांच्या टोप्या फुगल्या आहेत काय, उंदरानें तारा कुरतडल्या आहेत काय, हें एकेक करून पाहिलें व वहींत लिहिलें. कोणतीही तार सोडविण्यापूर्वीं तिचें छायाचित्र घ्यावयाचें हा दुसरा नियम. हल्लीं घरोघरीं मोबाईल असल्यामुळें हें सोपें झालें आहे. त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दोन गोष्टी सांपडल्या आणि सगळा उलगडा झाला. मागच्या पत्र्यावर लहान अक्षरांत छापलेलें होतें: ११७ व्होल्ट, ६० आवर्तनें. अमेरिकेंतील घरांस त्या काळीं या प्रकारची वीज मिळे. आपल्या भिंतींतील वीज २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. असें असूनही संचाच्या तारेस आपल्याकडील गोल पायांचा प्लग लाविलेला होता! आणि फ्यूज जळालेला. मागें कोणीतरी उत्साहानें हा प्लग बसवून संच थेट २३० व्होल्टवर लाविला असावा. फ्यूज त्याच क्षणीं वितळला, आणि ‘बिघडला’ म्हणून संच अडगळींत गेला. केंसाएवढ्या एका तारेनें बाकी सर्व वांचविलें होतें, हें मात्र इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मला शेजारच्या घरांतील ती जाड तार आठवली.

येथें पालकांस एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. व्हॉल्व्हचा संच मुलांनीं एकट्यानें उघडूं नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत वीज सांठून राहते, व ती माणसास ठार करण्यास पुरेशी असते. ती योग्य अशा रेझिस्टरमधून उतरवून, मीटरनें मोजून, मगच आंत हात घालावयाचा. शिवाय कांहीं स्वस्त अमेरिकन संचांत ट्रान्सफॉर्मर नसतोच. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेशीं जोडलेला असतो. आमच्या कामांत मोठा दाब असे तेव्हां मुलें दोन हात दूर बसत, आणि मी डावा हात खिशांत ठेवून काम करीत असें, म्हणजे प्रवाहास छातींतून वाट मिळत नाहीं. हें पाहून शाळेच्या शिपायांनीं ‘सर आतां एका हातानेंच शिकवितात’ अशी थट्टा चालविली होती. चालूं दिली.

मोठे कंडेन्सर सगळे बदलले. त्यांशिवाय मेणकागदाचे लहान कंडेन्सर असतात तेही बदलले. हे लहान कंडेन्सर एका व्हॉल्व्हचा ध्वनि तेवढा दुसऱ्याकडे पोंचवितात व मोठा दाब अलीकडेच थोपवून धरतात. ओलाव्यानें ते गळूं लागले म्हणजे पुढच्या व्हॉल्व्हचा आंतील पत्रा लाल होऊन तो लवकर मरतो. खर्च थोडका; मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे हल्लींच्या डॉ. भडकमकर मार्गावर, हे भाग मिळाले. व्हॉल्व्ह मात्र सगळे बदलावे लागतील अशी मुलांची समजूत होती. सातांपैकीं एकच निकामी निघाला. त्याच्या कांचेवर ६बीक्यू५ असें नांव होतें, आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत मिळालेल्या व्हॉल्व्हवर ईएल८४. व्हॉल्व्ह एकच, नांवें दोन! अमेरिकन पद्धतींत पहिला आंकडा आंतील तापतारेचा दाब सुमारानें सांगतो. युरोपीय पद्धतींत ‘ई’ हें अक्षर तीच ६·३ व्होल्टची खूण आहे. हें ठाऊक नसलेला मनुष्य दुकानांतून रिकाम्या हातानें परततो.

मग महिना संपला आणि प्लग लावण्याचा दिवस उजाडला. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, नवा फ्यूज घातला, आणि २३० च्या बाजूस वाटेंत शंभर वॅटचा जुन्या तारेचा एक दिवा जोडला. ही युक्ति प्रत्येक जुना वायरमन जाणतो. संचांत कोठें वीज मोकाट सुटली असेल तर दिवा पूर्ण तेजानें पेटतो व सगळा दाब आपल्या अंगावर घेतो. संचास इजा होत नाहीं. सर्व ठीक असेल तर दिवा क्षणभर झळकतो आणि मंदावतो. आठ वर्षांपूर्वीं हा दहा रुपयांचा दिवा मीं वापरला असता, तर! खोलींत कोणी श्वास घेत नव्हतें. दिवा झळकला. मग हळूहळू उतरत उतरत निखाऱ्याइतका राहिला, आणि व्हॉल्व्हच्या तळाशीं नारिंगी ठिणग्या दिसूं लागल्या. मुलांनीं टाळ्या पिटल्या.

टाळ्या जरा लवकरच झाल्या म्हणावयाच्या. कारण आवाजाच्या खुंटीस हात लावतांच पापड मोडल्यासारखी खरखर सुरू झाली. खुंटीच्या आंत कोळशाची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते. विजेचे भाग साफ करण्याचें स्पिरिट थोडें आंत सोडून खुंटी पन्नास वेळां मागेंपुढें फिरविली म्हणजे हा दोष जातो. कुलुपास घालावयाचें तेल येथें घालूं नये, त्यावर धूळ अधिकच चिकटते. स्पीकरांचे कागद शाबूत होते. १९६० च्या सुमाराचे स्पीकर कडेस कापड किंवा कागदाची घडी असलेले असत व ते टिकतात; पुढें फोमची कड आली ती आपल्या दमट हवेंत वीसएक वर्षांत भाकरीसारखी चुरा होते. तेव्हां जुनें तें अधिक कच्चें, असा नेम नाहीं.

पहिली तबकडी लावली ती गायकवर्गाची होती. दोन्ही स्पीकर वाजत होते; परंतु गाणें कोठून येतें तेंच कळेना. खर्ज तर जवळजवळ नाहींसाच. स्टीरिओची एवढी थोरवी सांगून झाल्यावर ऐकावयास हें मिळालें! शेवटीं दीड व्होल्टचा एक सेल घेऊन त्याच्या तारा प्रत्येक स्पीकरास क्षणभर टेकविल्या. डाव्या स्पीकरचा कागद पुढें सरकला, उजव्याचा मागें. मागील कोण्या दुरुस्तींत उजव्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळें एक स्पीकर हवा ढकली तेव्हां दुसरा ती ओढी, आणि खर्जाचे स्वर एकमेकांस मारून टाकीत. दोन तारांची अदलाबदल करतांच गायकवर्ग दोन स्पीकरांच्या मधोमध, जेथें कांहींच नाहीं अशा जागीं येऊन उभा राहिला. एक मुलगा उठून कपाटाच्या मध्यभागीं हात लावून पाहूं लागला, तेथें तिसरा स्पीकर दडविला आहे कीं काय म्हणून.

तरीही कांहीं चुकत होतें. गाणें सुस्त वाटे. बायकांचे आवाज पुरुषी आणि पुरुषांचे विहिरींतून आल्यासारखे. मला वाटलें वंगण घट्ट झालें असेल, आणि तें झालेंही होतें. स्पिरिटानें सर्व धुऊन शिवणयंत्राचें पातळ तेल घातलें. चाकाचें रबर गुळगुळीत झालें होतें तें बारीक पॉलिशकागदानें हलकेंच घांसलें. तरी सुस्ती जाईना. तेव्हां आमच्या उपासनेंत पेटी वाजविणारा दहावीचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, हें गीत पुस्तकांत एफ पट्टींत छापलें आहे, आणि येथें तें डी मध्यें वाजतें. बरोबर तीन पट्ट्या खालीं.’’ मीं त्यास पुन्हां वाजवून दाखवावयास सांगितलें. बरोबर तीन पट्ट्या. कमी नाहींत, जास्त नाहींत.

या ‘बरोबर’ शब्दानें गांठ सुटली. तीन पट्ट्यांचें अंतर म्हणजे षड्ज व कोमल गंधार यांमधील अंतर, आणि त्या दोन स्वरांच्या आंदोलनांचें प्रमाण ५ : ६ असें असतें. अमेरिकेची वीज ६० आवर्तनांची, आपली ५०! मोटारीचा वेग आवर्तनांच्या संख्येवर अवलंबून असतो. ट्रान्सफॉर्मरनें आम्हीं व्होल्ट उतरविले खरे, पण आवर्तनें ट्रान्सफॉर्मरास बदलतां येत नाहींत. मिनिटास ३३⅓ फेऱ्या करावयाच्या त्याऐवजीं तबकडी सुमारें २७¾ च करीत होती, आणि वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटें चालत होती. यंत्रांत दोष असा कांहींच नव्हता. पुस्तकांतील पाठ मला येत होता; परंतु तो त्या मुलाच्या कानानें मला आठवून दिला.

उपायही त्याच प्रमाणांत दडलेला होता. मोटारीच्या दांड्यावर पितळेची एक पायऱ्यांची कप्पी असते, एकेक पायरी एकेका वेगासाठीं. पायरी जितकी जाड तितकी तबकडी जलद. प्रत्येक पायरीचा व्यास सहा-पंचमांश केला म्हणजे काम झालें. मुलांनीं सूक्ष्ममापकानें मोजमापें घेतलीं, गणित केलें, आणि गांवांतील लेथवाल्या कारागिरानें तसली नवी कप्पी कातून दिली. त्यानें पैसे घेतले नाहींत. वाजेल तेव्हां बोलवा, एवढीच अट घातली. ६० आवर्तनांसाठीं घडविलेली मोटार ५० वर अधिक तापते, म्हणून तासाभरानें आम्ही तिला विश्रांति देतों.

वेग अचूक झाला कीं नाहीं हें घड्याळावांचून पाहण्याची एक रीत आहे. ती विद्यार्थ्यांनीं घरीं करून पाहावी. पांढऱ्या पुठ्ठ्याचें एक वर्तुळ कापा, मधोमध भोंक पाडा, आणि कोनमापकानें दर दोन अंशांस एक याप्रमाणें कडेनें काळ्या रेघा काढा. रेघा १८० होतील. हा पुठ्ठा तबकडीच्या जागीं फिरत ठेवून त्यावर जुन्या चोकच्या नळीदिव्याचा उजेड पाडा. आपल्या विजेवर असा दिवा सेकंदास १०० वेळां, म्हणजे मिनिटास ६००० वेळां उजळतो. ६००० ला ३३⅓ नें भागलें तर १८० येतात; म्हणून वेग बरोबर असेल तर प्रत्येक उजाळ्याच्या वेळीं एक रेघ आधीच्या रेघेच्या जागीं आलेली असते, आणि फिरता पुठ्ठा स्थिर उभा दिसतो. वेग किंचित् कमी असेल तर रेघा मागें सरकतात, किंचित् अधिक असेल तर पुढें. हल्लींचे पुष्कळसे एलईडी दिवे असे लुकलुकत नाहींत, त्यांखालीं हा प्रयोग फसतो. नव्या कप्पीनंतर आमच्या रेघा जवळजवळ स्थिर राहिल्या. अगदीं किंचित्, मुंगीच्या पावलांनीं, पुढें सरकत. तेवढें आम्हीं राहूं दिलें.

सुईबद्दल थोडें सांगितलें पाहिजे. आमच्या संचाच्या भुजेच्या टोंकाशीं एक लहान खिटी आहे. ती फिरविली कीं सुईची दुसरी बाजू खालीं येते. एक बाजू ७८ फेऱ्यांच्या जाड्या खांचेसाठीं, दुसरी बारीक खांचेसाठीं. दोहोंच्या टोंकांत तिपटीहून अधिक फरक आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि त्या लाखेचा मोठा वांटा आपल्याच देशांतून परदेशीं जाई. कलकत्त्याच्या कारखान्यांत तर तबकड्या येथेंच तयार होत. झिजलेली सुई दिसण्यांत चांगली दिसते आणि तबकड्यांचा सत्यानाश करते, म्हणून संच सांपडला तर सुई नवीच घालावी व भुजेचा भार सोनाराच्या लहान काट्यावर तोलून पाहावा. यंत्र बिघडलें तर दुसरें मिळेल. आजीनें जपलेली तबकडी दुसरी मिळणार नाहीं.

कपाटास पॉलिश करावें अशी पुष्कळांची सूचना होती. मीं ती मानली नाहीं. साबणाच्या ओल्या फडक्यानें पुसून घेतलें, इतकेंच. झांकणावर कोणीतरी गरम कप ठेवल्याचें एक पांढरें वर्तुळ आहे. तें तसेंच आहे. जुने कंडेन्सरही फेंकले नाहींत. एका डबींत, कोणता कोठून काढला याच्या चिठ्ठीसह, कपाटाच्या तळाशीं ठेविले आहेत, म्हणजे पुढें दुरुस्त करणारास आम्हीं काय केलें तें कळेल. आम्हांस मात्र मागील माणसानें तारा उलट कां जोडल्या, हें कळावयास मार्ग नव्हता.

गेल्या नाताळांत प्रार्थनामंदिरांत हा संच प्रथमच सर्वांपुढें वाजला. लेथवाला कारागीर पुढच्या बांकावर बसला होता, आणि पेटी वाजविणारा मुलगा भुजेशेजारीं उभा राहून कोणास हात लावूं देत नव्हता.

तें ऐकून शेजारचे वृद्ध गृहस्थ दुसऱ्या दिवशीं माझ्याकडे आले. त्यांच्या संचाचा विषय आठ वर्षांत आम्हां दोघांपैकीं कोणीं काढला नव्हता. मींच तो काढला, व जळालेला ट्रान्सफॉर्मर नव्यानें गुंडाळून घेतां येतो असें सांगितलें. त्यांनीं संच दिला. तबकड्या मात्र दिल्या नाहींत. ‘‘आधीं वाजूं तर द्या, मास्तर, मग पाहूं,’’ असें म्हणाले. ट्रान्सफॉर्मर पुण्याहून गुंडाळून आला आहे. कंडेन्सर बदलले आहेत, ती जाड तार काढून तिच्या जागीं योग्य फ्यूज घातला आहे. संच अजून शंभर वॅटच्या दिव्यामागेंच आहे.